सव्वा मूठ

सिल्वासाहून मसाटच्या रस्त्याला लागलं की कारखान्यांच्या भिंती सुरू होण्याआधी डाव्या हाताला एक पत्र्याची खानावळ दिसते. तिच्यावर पाटी नाही. पाटीची गरज कधी पडलीच नाही, कारण शिफ्ट सुटली की माणसं नाकाच्या मागे चालत तिथं पोचतात. खान्देशातली पोरं तर डोळे मिटून पोचतील. काळा मसाला तेलात पडला की शिरपूर-अमळनेरची अर्धी वस्ती तिथं येऊन उभी राहते.

ही खानावळ झुंबरबाईची. उंच, काटक बाई. बोलणं कमी, पण जे बोलेल ते ताटात वाढल्यासारखं समोर ठेवील. भाकरी थापून थापून तिचे तळवे रुंद झालेले, आणि मूठ अशी की धान्याच्या पोत्यात घातली तर दुसऱ्या कुणाच्या दोन मुठींचं धान्य एकदम वर यावं. ही मूठ लक्षात ठेवा, कारण गोष्ट तिचीच आहे.

नवऱ्याच्या मागे झुंबरबाई सिल्वासाला आली तेव्हा तो धाग्याच्या कारखान्यात लागला होता. नंतर दीर झिपरू आला, मग चुलत दीर, मग त्यांची पोरं. होता होता सगळी भावकी इथंच वसली. भावकी वसली म्हणजे कानबाई वसली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई येते. मूर्ती नाही, नारळ असतो, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला. त्याला नथ घालायची, साडी नेसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन, न्हाऊ घालून परत आणायचं. झुंबरबाईच्या घरचा नारळ तिच्या सासूने तिच्या ओटीत टाकला होता, "सांभाळ माय," असं म्हणून. तिने सांभाळला. दमणगंगेच्या काठी तिच्याएवढं खड्या आवाजात कानबाईचं गाणं म्हणणारी दुसरी बाई नव्हती.

मग नवरा गेला. पुढच्याच श्रावणात झिपरूने नारळ आपल्या घरी नेला. "देवी जोडप्यानंच बसवावी लागते, वहिनी," तो म्हणाला. म्हणाला तेही अगदी मायेने, आणि मायेने बोललेल्या गोष्टीला उत्तर देणं फार अवघड असतं. झुंबरबाई मागच्या दारी चुलीपाशी गेली. तेव्हापासून सगळ्या भावकीचा रोट ती रांधायची आणि बाहेर गाणी सुरू झाली की ओठ मिटून पुऱ्या लाटायची. पुढे बसून विधवेने आवाज काढायचा नाही, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नव्हतं.

रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. त्यांच्या भावकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते एकत्र दळायचे, आणि त्या पिठाचं जे होईल ते पौर्णिमेच्या आत भावकीनेच खाऊन संपवायचं. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. रोटाच्या पंगतीला जो बसतो तो आपला; ज्याला पाट मिळत नाही तो परका. मुठी मोजायचं काम झुंबरबाईकडे. गेल्या वर्षी तिच्या मुलाला, समाधानला, मुलगा झाला. त्या तान्ह्या जिवाच्या नावाने तिने सव्वा मूठ गहू सुपात टाकले आणि तिचा हात पोत्यातच थांबला. पोराला अजून दात नव्हते. त्याची मूठ होती. तिची नव्हती. सासूची नव्हती, जावेची नव्हती, सून मंजुषाचीही नव्हती. इतकी वर्षं तिनेच मुठी मोजल्या आणि तिला ते दिसलं नव्हतं.

दाताखाली आलेला खडा जसा जिभेला पुन्हा पुन्हा सापडतो, तसा तो विचार वर्षभर तिला सापडत राहिला.

आता तिच्या मैत्रिणी. एक मृणाल, पुण्याची, एका कारखान्याच्या इंजिनियरची बायको. नवरा आजारी असताना डबा न्यायला आली आणि खानावळीच्या बाकावर बसली ती बसलीच. दुसरी लीला, इथलीच, सुरंगी गावची, वारली समाजातली. जन्मभर नर्सचं काम करून निवृत्त झालेली. तिला सगळा गाव सिस्टर म्हणतो. तिघी मिळून हिंडायच्या. वासोण्याच्या सफारीतले सिंह पाहून झाले, खानवेलचं जंगल झालं, पावसाळ्यात भिजून झालं. एकदा बाकावर बसून मृणाल म्हणाली, "आमचे हे मशिनी आणायला तीनदा चीनला जाऊन आले. येऊन काय सांगतात? हॉटेल चांगलं होतं. मी म्हटलं, मलाही ने. तर म्हणे, तुला काय करायचंय तिथं?"

"मग आपण जाऊ," लीला म्हणाली.

"सिस्टर, चीन आहे ते. खानवेल नाही."

"खानवेलला तरी कुठं तुझा नवरा आला होता?"

हसता हसता गोष्ट खरी झाली. झुंबरबाईपाशी भाकऱ्यांतून साठवलेलं होतं, स्वतःचं. त्यावर कुणाचा हात नव्हता. मृणालने नकाशा पसरला आणि शांघाय-बिजिंगवर बोटही न ठेवता खाली सरकली. ग्वेचौ नावाचा डोंगरी मुलूख. भाताच्या पायऱ्या, लाकडी गावं, आणि मिरच्या.

"मिरच्या?" झुंबरबाईने विचारलं, आणि जागा ठरली.

तिकिटं निघाल्यावर कळलं की तारखा नेमक्या कानबाईच्या आठवड्यात पडल्या आहेत. मृणालने कपाळावर हात मारला. "मला ठाऊकच नव्हतं गं! बदलते मी. थोडं नुकसान होईल, होऊ दे."

झुंबरबाईने भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "नको बदलू."

ते ऐकून झिपरू खानावळीत आला. तो वाईट माणूस नव्हता. भावकीत सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा, म्हणूनच आपलं म्हणणं मोडलं जाईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. बरोबर समाधान होता, मान खाली घालून.

"वहिनी, कानबाई सोडून चीन?"

"हो, भाऊ."

"लोक काय म्हणतील? आणि रोट कोण करणार?"

"तुमची भिमी आहे. मंजुषा आहे. हात सगळ्यांना आहेत."

"पण तुम्ही घरातल्या मोठ्या. तुमच्याशिवाय रोट पुरा कसा होईल?"

तेव्हा झुंबरबाईने हातातलं उलथनं खाली ठेवलं. "भाऊ, त्या रोटात माझ्या नावाची मूठ आहे का?"

झिपरू गोंधळला. "बाईची कुठं असते?"

"मग मी नसले तर काय कमी पडणार? मोजून बघा. एक दाणा कमी भरणार नाही."

बाकावरचा एक उडिया कामगार, ज्याला यातलं अक्षर कळलं नव्हतं, तोही जेवायचा थांबला. झिपरूचा चेहरा तापला. "ठीक आहे. जा. पण कानबाईला पाठ दाखवून गेलात, तर परत आल्यावर रोटाच्या पंगतीला पाट नाही मिळणार. यंदा नाही आणि पुढंही नाही. मी सांगून ठेवतो."

समाधान नुसतं "माय..." म्हणाला. ती माय म्हणजे जाऊ नको, की जा, हे त्यालाही ठाऊक नसावं. झुंबरबाईने दोघांना जेवायला वाढलं. झिपरू न जेवता गेला. समाधान जेवला.

विमानात तिने बरोबर आणलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि खिडकीतून खाली पाहत बसली. पाट नाही मिळणार, हे शब्द तिच्याबरोबर विमानात चढले होते. ती ज्यांच्यात वीस वर्षांची सून म्हणून आली, ज्यांची बाळंतपणं केली, ज्यांच्या मयतीला रांधलं, त्यांच्या पंगतीत आता ती परकी ठरणार होती. गंमत म्हणून हे सोडून द्यायला ती काही दगड नव्हती. पण परत फिरायचं तिच्या मनात एकदाही आलं नाही.

ग्वेचौच्या आगगाडीने तिला विचार करायला उसंत दिली नाही. गाडी बोगद्यात शिरे, क्षणभर उजेडात येई, खाली दरी दिसे-न दिसे तोच दुसऱ्या बोगद्यात. "एक्सरेच्या मशिनीत घालतात आणि काढतात तसं चाललंय," लीला म्हणाली. "आता फक्त श्वास रोखून धरा म्हणायचं बाकी."

आणि मग डोंगर आले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत भात. जणू कुणीतरी डोंगराला हिरव्या साडीच्या निऱ्या घातल्या होत्या आणि एकही निरी सुटली नव्हती. लीला सुरंगीची, भात तिने जन्मभर पाहिला होता. ती बांधावर उकिडवी बसली आणि लोंबी बोटात धरून पाहिली. "आमच्याकडे उतारावर नाचणी लावतात," ती म्हणाली. "पाणी धरून ठेवायला किती पिढ्या वाकल्या असतील गं इथं."

घरांच्या अंगणात, जिन्यावर, छपरावर मिरच्या वाळत होत्या. झुंबरबाई एका अंगणासमोर थबकली. आत एक बाई लाकडी उखळीत मिरच्या कुटत होती. झुंबरबाईने खुणेने विचारलं, एक उचलली आणि कचकन चावली. बाई टक लावून पाहत राहिली, आता ही परदेशीण नाचायला लागेल म्हणून. झुंबरबाईने शांतपणे चावून गिळली. मग पिशवीतून आपल्या काळ्या मसाल्याची पुडी काढून बाईच्या तळहातावर चिमूटभर ठेवली. बाईने जिभेला लावला. दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं आणि दोघी खदाखदा हसल्या. भाषा लागलीच नाही.

पुढच्या घरी बायका हाताने सूत काढत होत्या, निळीत बुडवत होत्या, मोगरीने कापड कुटून त्याला चकाकी आणत होत्या. सिल्वासात धागा ट्रकच्या ट्रक भरून निघतो. झुंबरबाईचं अर्धं आयुष्य त्या मशिनींच्या घरघरीत गेलं. पण माणसाच्या बोटांतून धागा निघताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

रविवारी त्या डोंग जमातीच्या एका गावाला निघाल्या. सकाळपासून झुंबरबाईचं मन घरी होतं. तिकडे झिपरूच्या घरी आता चौरंग मांडला असेल, नारळाला नथ चढली असेल. वाटाडी होती यांग नावाची मुलगी. ती मृणालशी इंग्रजीत बोले आणि मृणाल बाकीच्या दोघींना सांगे. गावच्या लाकडी वेशीपाशी पोचल्या तर वेस बंद. दार लावलेलं नव्हतं, पण उंबऱ्यावर आडवं सामान मांडलं होतं. बाक, झाडू, बांबूची टोपली, सूप आणि एक चरखा. पलीकडे निळ्या कपड्यांतल्या बायका रांगेने उभ्या, आणि गात होत्या.

"हे काय? भांडण झालंय का?" झुंबरबाईने विचारलं.

मृणालने यांगला विचारलं आणि सांगितलं, "पाहुण्यांना असंच अडवायची रीत आहे. त्या गाण्यातून विचारतात, तुम्ही कोण, का आलात, आत का घ्यावं? आपण गाण्यातूनच उत्तर द्यायचं. एक गाणं झालं की एक वस्तू बाजूला करतात."

"आणि नाही गायलं तर?"

"तर बाहेरूनच फोटो काढून परत."

मृणालने सिनेमाचं एक गाणं धरलं आणि दोन ओळींत विसरली; बायकांना दया आली, त्यांनी बाक उचलला. लीलाने भात लावतानाचं वारली गाणं म्हटलं, मधे दोन पावलं नाचलीही. झाडू गेला, टोपली गेली, खुशीत येऊन त्यांनी सूपही उचललं. उरला चरखा. चरख्यामागे एक म्हातारी उभी होती, तोंडाचं बोळकं झालेली, आणि तिने थेट झुंबरबाईकडे बोट दाखवलं.

झुंबरबाईने मान हलवली. म्हातारीने बोट हलवलं नाही.

"सांग तिला, मी गात नाही," झुंबरबाई मृणालला म्हणाली. "सांग, माझा मालक गेलाय."

मृणालने यांगला सांगितलं, यांगने म्हातारीला. म्हातारी काहीतरी बोलली आणि रांगेतल्या सगळ्या बायका हसून एकमेकींवर पडल्या. यांग हसू दाबत मृणालला सांगू लागली.

"काय म्हणाली?" लीलाने विचारलं.

"म्हणाली, माझाही गेलाय. म्हणून तर मला गायला वेळ मिळतो."

लीला आधी हसत सुटली. मग मृणाल. झुंबरबाईने तोंडाला पदर लावला, आणि पदराआडून जो आवाज आला तो हसण्याचा की आणखी कशाचा, हे तिलाच कळलं नाही. मग तिने पदर खाली केला. खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली. इतक्या वर्षांत न उघडलेलं दार जसं आधी कुरकुरतं, तसा पहिला सूर कुरकुरला; आणि मग उघडला तो सताड.

"माय ऊनी, माय ऊनी, आंगन झाडा वं,
डोंगर वलांडी ऊनी, दार उघाडा वं..."

कानबाई दाराशी आली आहे, डोंगर ओलांडून आली आहे, दार उघडा, एवढंच ते गाणं. डोंगरांनी तो आवाज घेतला आणि परत दिला. खालच्या बाजूला भातात वाकलेली माणसं उभी राहिली. दुसऱ्या कडव्याला म्हातारीने डोळे मिटून हुंकार धरला, तिसऱ्याला साऱ्या रांगेने. त्यांना शब्द कळत नव्हते. पण दाराशी उभं राहून आत येऊ मागणाऱ्या बाईचं गाणं त्यांच्या ओळखीचं होतं. म्हातारीने स्वतःच्या हाताने चरखा बाजूला केला आणि तांदळाच्या दारूचा वाडगा झुंबरबाईच्या ओठांना लावला.

"प्यायची का गं?" झुंबरबाईने लीलाला विचारलं.

"मी नर्स आहे, मी सांगते. औषध समज."

आत गेल्यावर भाताचे गरम गोळे मिळाले, आंबट रश्श्याचा वाडगा मिळाला. लांबच लांब टेबलावर सगळं गाव बसलं होतं. म्हातारीने झुंबरबाईला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. पाट मिळाला, झुंबरबाईच्या मनात आलं. मागितला नव्हता, मोजला नव्हता, तरी मिळाला. आणि ज्यांच्यासाठी जन्म गेला तिथं मात्र माझा पाट दुसऱ्याच्या मर्जीवर.

परत निघताना मृणाल म्हणाली, "झुंबरताई, आता त्यांच्याकडे जाऊच नकोस. त्यांनीच पाट नाही म्हटलंय ना?"

"का नको? पाट माझा आहे," झुंबरबाई म्हणाली. "जाणार."

मुंबईहून गाडीने सिल्वासाला उतरली ती घरी गेलीच नाही. पौर्णिमेचा आदला दिवस. रोटाची शेवटची पंगत झिपरूच्या घरी बसायची होती. हातात प्रवासाची बॅग, मागे लीला आणि मृणाल. त्या दोघी फाटकापाशी थांबल्या. भावकीचा रोट, त्यांना पुढे जायचं नव्हतं.

झिपरू दारात उभा होता. त्याने तिला येताना पाहिलं आणि उजवा हात चौकटीला आडवा लावला.

"मी सांगितलं होतं, वहिनी."

आत पाट मांडलेले, पुरुष बसलेले. समाधान अर्धा उठला. मंजुषा कडेवर पोर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. झुंबरबाईने बॅग उंबऱ्याशी ठेवली आणि झिपरूच्या हाताकडे पाहून हसली.

"नुसता हात, भाऊ? मी जिथून आले तिथं दारात चरखा, सूप, झाडू, बाक, सगळं आडवं घालतात. आणि तरी आत घेतात."

"हे चीन नाही."

"तेच म्हणते मी. हे माझं घर आहे."

आणि तिने गायला सुरुवात केली. भर दुपारी, उंबऱ्यावर उभं राहून, मोकळ्या कपाळाने, कानबाईचं गाणं. माय ऊनी, माय ऊनी, आंगन झाडा वं. गल्लीतली गुजराती शेजारीण गॅलरीत आली. झिपरूचा हात होता तिथंच होता, पण त्याला आता कुठं बघावं कळेना. देवीच्या गाण्याला गप्प बस कसं म्हणणार? दुसरी ओळ तिने अर्ध्यावर सोडली, मुद्दाम, आणि थांबली.

आतून, स्वयंपाकघरातून, ती ओळ पुरी झाली. "...डोंगर वलांडी ऊनी, दार उघाडा वं." भिमाबाई. झिपरूची बायको. हाताला पीठ लागलेलं तसंच घेऊन ती बाहेर आली, तिच्यामागे मंजुषा, चुलत जावा. चौकटीपाशी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "हात काढा. जिजीला आत येऊ द्या. नाहीतर आजच्या पुऱ्या तुम्हीच तळा."

हात खाली आला. भिमाबाईने पाट मांडला, ताट आणलं. "बस, जिजी."

झुंबरबाई बसली नाही. ताटातल्या पुरीकडे तिने पाहिलं. "यात माझी मूठ नाही, भिमी. मी कशी खाऊ?"

झिपरूला आता राग नव्हता, भीती वाटली होती. "वहिनी, आत आलात ना? झालं ना तुमच्या मनासारखं? रीत मोडू नका. कानबाई कोपेल."

"नारळ मला सासूबाईंनी दिला होता. बाईने बाईला. कानबाई स्वतः बाई आहे. तिच्या नावाची तरी मूठ घेता का तुम्ही?"

झुंबरबाई कोपऱ्यातल्या गव्हाच्या डब्यापाशी गेली, झाकण काढलं आणि तो रुंद हात आत घातला. एक मूठ. मग वर पाव मूठ. सुपात टाकले. मग ती बाजूला सरली आणि भिमाबाईकडे पाहिलं. भिमाबाईने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पिठाचा हात पदराला पुसून तिने डब्यात घातला. मंजुषाने पोर समाधानच्या मांडीवर दिलं आणि आपली मूठ भरली. समाधान पोराला घेऊन उठला आणि डबा जरा वाकवून धरला, कारण गहू तळाशी गेले होते आणि चुलत जावांचे हात पुरत नव्हते.

सूप भरलं. भिमाबाईने ते घरातल्या पिठाच्या चक्कीत, घरघंटीत, ओतलं आणि झाकण लावलं. घरघंटीचं बटन भिंतीवर, झिपरूच्या खांद्यामागे होतं. तो तिथंच टेकून उभा राहिला, ना दाबत होता, ना सरकत होता.

"असं कुठं असतं का, वहिनी?" तो पुटपुटला.

"आजपासून असतं," झुंबरबाई म्हणाली. तिने त्याच्या खांद्यावरून हात लांबवला आणि बटन दाबलं.